‘ठाण्यात थंडी असते कुठे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रस्त्यावर झोपणाऱ्या बेघरांना थंडीत रात्रीपुरता निवारा द्या, असं म्हणणाऱ्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘ठाणेकर करदाता’ या नावाने तुम्ही लिहिलंत की, ठाण्यात थंडी पडतच नाही, स्वेटर घालायची हौस भागवायला आपल्याला महाबळेश्वर गाठावं लागतं. दिल्लीच्या बातम्या वाचून मी इथलं चित्र रंगवते, असंही तुमचं म्हणणं. शिवाय निवारे उघडले तरी ही माणसं तिथे जात नाहीत, आणि चादरी वाटल्या तर दुसऱ्या दिवशी विकून मोकळी होतात, असंही लिहिलंत.

चादरींचं आधी बोलते, कारण ते खरं आहे. विकतात. पण उजाडायच्या आत ज्याला दुकानाची पायरी सोडावी लागते, त्याने चादर दिवसभर ठेवायची कुठे? बोचकं कोपऱ्यात लपवलं तर अतिक्रमणवाल्यांची गाडी उचलून नेते. काखेत धरून हमाली होत नाही. म्हणून तर लेखात मी चादरी मागितल्याच नव्हत्या, रात्रीपुरतं छप्पर मागितलं होतं.

आता थंडी. किनाऱ्यावरच्या ठिकाणी पारा १० अंशांपर्यंत उतरायची वाट हवामान खातंसुद्धा बघत नाही. किमान तापमान १५ किंवा त्याहून कमी आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी खाली असलं, की थंडीची लाट म्हणता येते. शेजारच्या सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद आहे. तशा रात्री क्वचितच येतात, मान्य. पण मी जे पाहिलं ते लाटेतलं नव्हतंच.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. पहाटेची लोकल पकडायला मी जांभळी नाक्याच्या बाजारातून निघाले होते. मोबाइल १६ अंश दाखवत होता. तिथे कोणी झोपू नये म्हणून एका दुकानाचा ओटा रात्री पाणी टाकून ठेवला होता, आणि त्यावरच एक म्हातारे बाबा आडवे झाले होते. खालचा पुठ्ठा भिजून त्याचा लगदा झालेला, धोतर पाठीला चिकटलेलं. चहा आणून दिला तर बोटं ग्लासाभोवती मिटेनात. शेवटी चहावाल्याने बशीत ओतून तोंडाला लावला. बाबा थडथड कापत होते. थोड्या वेळाने कापणं थांबलं आणि मला हायसं वाटलं. ती वाईट खूण होती, हे नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली घसरत गेलं की एका टप्प्यावर कापायचीही ताकद उरत नाही, माणूस सुस्त होतो, बरळतो. ओले कपडे, गार फरशी, रिकामं पोट आणि उतारवय एकत्र आलं की त्याला बर्फ पडावा लागत नाही. रिक्षावाल्याने वेळेत पोचवलं म्हणून बाबा वाचले.

निवाऱ्यात का जात नाही, हे मी त्यांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, “भाजीचे टेम्पो चारला लागतात. लांब झोपलो तर पोती कोण उतरवणार? आणि म्हातारी आहे माझ्याबरोबर. तिला दुसरीकडे ठेवतात.” मग जरा थांबून, “गाडीत बसवतात ती निवाऱ्याची का भिकारी पकडायची, आम्हाला काय कळतं?” १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे, तेव्हा ही भीती खुळी नाही. ‘जात नाहीत’ या दोन शब्दांत तुम्ही जे मिटवलंत, त्यात एवढं सगळं आहे.

दिल्लीचं नाव मी घेतलं ते थंडीसाठी नव्हे. डिसेंबर २००९मध्ये तिथे पुसा रोडवरचा निवारा ऐन हिवाळ्यात पाडला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्यातून मोठ्या शहरांना दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, तोही बारा महिने, असं प्रमाण लागू झालं. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांच्या वर होतं. हिशेब तुम्हीच करा.

ते होईल तेव्हा होईल. पावसाळ्यात धोकादायक इमारत रिकामी केली की आपण माणसं पालिकेच्या शाळेत हलवतोच ना? तीच शाळा पारा उतरेल त्या रात्री नऊला उघडायची. सतरंज्या, चालू संडास, एक रखवालदार, आणि नाव-आधार विचारणं नाही. तुमच्या करातला याहून रास्त खर्च मला तरी सुचत नाही.

प्रभाग समितीला द्यायचा अर्ज लिहून झालाय. शाळा बाजारापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी, नवरा-बायकोला एकाच छपराखाली झोपता यावं आणि बोचकं दिवसा ठेवायला कुलपाची जागा असावी, अशा तीन अटी घातल्यात. पहिल्या दोन बाबांच्या आहेत, तिसरी तुमच्या प्रतिक्रियेवरून सुचली. सही करणार असाल तर कळवा.