एका चॉकलेटपायी मंत्रिपद गेलं? पूर्ण हिशेब बघा

‘स्वीडनच्या उपपंतप्रधान बाईंनी सरकारी कार्डावर एक चॉकलेट घेतलं. चोरी पकडली गेली, दुसऱ्याच दिवशी राजीनामा, राजकारणातून कायमची हकालपट्टी. आणि आपले पुढारी बघा!’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून डोकं वर काढतो. या बाई म्हणजे सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या मोना सालीन. चॉकलेटची गोष्टही खरी आहे. बाकी मजकुरात मात्र बरंच पाणी घातलंय.

आधी ते ‘एक चॉकलेट’. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘एक्सप्रेसेन’ या दैनिकाने सालीन यांच्या सरकारी कार्डाचे व्यवहार बाहेर काढले. त्यात टोब्लेरोन या चॉकलेटचे दोन बार होते, हे बरोबर. पण भाड्याच्या गाड्या होत्या, रोख काढलेले पैसे होते आणि खासगी खर्चाची एकूण रक्कम ५० हजार क्रोनरच्या वर जात होती. प्रकरणाला नाव तेवढं चॉकलेटचं पडलं. पराचा कावळा झालेला आपण नेहमी बघतो. इथे कावळ्याचा पर झालाय.

दुसऱ्याच दिवशी राजीनामा? छे. पंतप्रधान इंगवार कार्लसन यांनी त्या ऑगस्टमध्येच पद सोडणार असल्याचं जाहीर केलं होतं आणि त्यांच्या जागी सालीन येणार, हे जवळपास ठरल्यासारखं होतं. बातमी फुटल्यावर सालीन यांनी ‘टाइम-आउट’ घेतला आणि त्या काळात चक्क मॉरिशसला सुट्टीवर गेल्या! (सल्लागार कोण होते देव जाणे.) तोवर थकलेले पार्किंगचे दंड आणि पाळणाघराची न भरलेली फीसुद्धा चव्हाट्यावर आली. अखेर नोव्हेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून माघार घेतली.

‘चोरी पकडली गेली’ हे तर सरळसरळ चूक. कार्डावरचे पैसे त्यांनी परत केले होते आणि ही आपल्याच पगाराची उचल होती, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारी वकिलांनी १९९६ च्या सुरुवातीला चौकशी बंद केली, खटला उभाच राहिला नाही. मग त्या पडल्या कशामुळे? माझ्या मते, भरमसाट कर लोकांनी बिनतक्रार भरावेत, ही ज्या पक्षाची सगळी भिस्त, त्याच्या होऊ घातलेल्या नेत्याने स्वतःची साधी बिलं थकवली, हे मतदारांच्या पचनी पडलं नाही.

‘कायमची हकालपट्टी’ हा तर कहरच. पंतप्रधानपद योरान पेर्सोन यांच्याकडे गेलं आणि त्याच पेर्सोन यांनी १९९८ मध्ये सालीन यांना पुन्हा मंत्री केलं. २००६ पर्यंत त्या वेगवेगळी खाती सांभाळत होत्या. मार्च २००७ मध्ये त्या पक्षाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०१० ची निवडणूक हरल्यावर त्यांनी अध्यक्षपद सोडलं, ते मतांच्या घसरणीमुळे. पुढे हिंसक अतिरेकीपणाविरोधातल्या कामाच्या राष्ट्रीय समन्वयक म्हणून सरकारने त्यांना नेमलं. ते पद मे २०१६ मध्ये गेलं, कारण आपल्या अंगरक्षकाच्या पगाराचा खोटा दाखला त्यांनी दिला होता. चॉकलेटपेक्षा हे कितीतरी गंभीर, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात गोडवा नाही ना!

राहिलं ‘आपले पुढारी बघा’. बघाच, पण कागद मागून बघा. स्वीडनमध्ये सरकारी कागद बघण्याचा हक्क १७६६ च्या कायद्यापासून आहे. मागणाऱ्याने नाव किंवा कारण सांगायचीही गरज नसते. आपल्याकडे माहिती अधिकाराचा केंद्राचा कायदा २००५ चा, महाराष्ट्राचा तर त्याच्याही आधीचा. नाव-पत्ता द्यावा लागतो, कारण मात्र आपल्यालाही सांगावं लागत नाही. अर्जाची फी १० रुपये.