भिंतीला तुंबड्या लावण्याबद्दल थोडंसं

नमस्कार,

तुम्ही नावाच्या जागी 'एक कंटाळलेला वाचक' लिहिलंय म्हणून मी पण तसंच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं, लगेच उत्तर टाइप करायला बसलो, अर्धं लिहूनही झालं, मग म्हटलं थांब बाबा, समोरचा काय म्हणतोय ते आधी तपास तरी. तपासलं आणि लिहिलेलं सगळं डिलीट मारावं लागलं, कारण पहिल्या मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो. मागच्या वेळी मी डूम हा राक्षसांना गोळ्या घालायचा १९९३ चा गेम लोकांनी कुठल्या कुठल्या वस्तूंवर चालवून दाखवलाय त्याच्या गमती लिहिल्या होत्या आणि त्यात एक वाक्य ठोकून दिलं होतं की प्रेग्नन्सी टेस्टच्या कांडीवरसुद्धा डूम चालवला गेलाय. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे धादांत खोटं आहे, आतली चिप आणि डिस्प्ले दोन्ही बदलले होते, जुनं उरलं ते फक्त प्लॅस्टिक. पुढे लिहिलंत, खरं असतं तरी उपयोग काय, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आणि तुम्हा गॅजेटवाल्यांच्या असल्या कौतुकामुळेच आज टूथब्रशलाही ब्लूटूथ लागतं. जाता जाता टेट्रिस हा ठोकळ्यांचा गेम खेळून खेळून हँग करणाऱ्या त्या पोरालाही एक टपली मारलीत.

तर चूक पदरात घेतो. फून या नावानं इंटरनेटवर वावरणाऱ्या प्रोग्रामरनं २०२० च्या सप्टेंबरमध्ये हा उद्योग केला आणि तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं की डिस्प्ले नवा, चिप नवी, कांडीचं फक्त कवच वापरलंय. मुळातल्या डिस्प्लेवर ते जमणारच नव्हतं, कारण त्यावर ठरावीक शब्द आणि चिन्हं आधीच आखलेली असतात, पेटव नाहीतर विझव, तिसरं काही नाही. बातम्यांच्या हेडिंगमधून ही गोष्ट गळाली आणि मी हेडिंग वाचून लिहिलं. म्हणजे फसवलं कोणीच नाही, मीच आळस केला.

पण एक सांगू का, या प्रकरणात जी खरी बातमी होती ती मी पण सोडली आणि तुम्ही पण. डूम वगैरे नंतर आलं, आधी फूननं ती डिजिटल टेस्ट फक्त उघडून बघितली होती. आत काय निघालं? तीच कागदाची पट्टी जी साध्या, बिनबॅटरीच्या टेस्टमध्ये असते. तिच्यावर उजेड पाडायला दोनचार एलईडी, उजेड मोजायला सेन्सर, एक बॅटरी आणि ६४ बाइट रॅमची एक इवलीशी चिप. म्हणजे कागदावर रेघ उमटली का हे बघायचं, जे काम माणसाचे डोळे करू शकतात, ते काम करायला अख्खा कॉम्प्युटर बसवलाय, तो एकदा निकाल सांगणार आणि बॅटरीसकट कचऱ्यात जाणार. बडा घर पोकळ वासा. आता रेघ फिकट आली की माणूस गोंधळतो, तेव्हा सरळ शब्दात उत्तर मिळालेलं बरं वाटतं, हे मला मान्य आहे, पण 'डिजिटल' म्हटल्यावर आत काहीतरी वेगळं विज्ञान असेल असं मला वाटत होतं ते नव्हतंच. तुमचा टूथब्रशचा मुद्दा ना, तोच मुद्दा याहून चांगला मांडता येणार नाही. आणि तो कोणी मांडला? तुमच्याच त्या रिकाम्या न्हाव्यानं.

आता 'चालवला' या शब्दाकडे येतो, कारण तुमच्यामुळे मी माझीच जुनी यादी परत चाळली आणि लक्षात आलं की मी हा शब्द सरसकट कुठेही वापरलाय. पीडीएफमध्ये डूम चालतो तो खराच चालतो, २०२५ च्या जानेवारीत एका शाळकरी पोरानं केलं ते, पीडीएफच्या आत जावास्क्रिप्ट चालू शकते हे त्यानं हेरलं आणि चित्राच्या जागी अक्षरांच्या ओळी भराभर बदलून गेम दाखवला. त्याच्याआधी युरोपियन स्पेस एजन्सीच्या ऑप्स-सॅट उपग्रहावर चालला तोही खरा, तो उपग्रह मुळात सॉफ्टवेअरचे प्रयोग करायलाच सोडला होता. पण बॅक्टेरियावर डूम? तिथे मी परत घसरलो होतो, तुम्ही पकडलं नाहीत म्हणून मीच सांगतो. एमआयटीतल्या एका विद्यार्थिनीनं ई. कोलाय बॅक्टेरियाचे ३२ बाय ४८ चे ठिपके चमकवून स्क्रीन कसा करता येईल ते सिम्युलेशनमध्ये दाखवलं. गेमचा हिशोब बॅक्टेरिया करत नाहीत, ते फक्त पडदा आहेत. आणि पडदा तरी कसला, एक चित्र उमटायला ७० मिनिटं, ते विझून पुढच्या चित्रासाठी तयार व्हायला साधारण ८ तास २० मिनिटं, या वेगानं अख्खा गेम खेळायचा तर ५९९ वर्षं. लोडिंग स्लो आहे म्हणून माउस आपटणाऱ्यांनी हे एकदा भिंतीवर लिहून ठेवावं.

सगळ्यांना डूमच का सुचतो हेही मागच्या वेळी सांगायचं राहिलं. भक्ती हा भाग आहेच, पण मुख्य कारण अगदी घरगुती आहे, तो हलवायला सोपा आहे. गेम सी भाषेत लिहिलेला, मूळची गरज ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम एवढीच, गणितसुद्धा पूर्णांकांवर भागवलेलं, त्यामुळे फ्लोटिंग पॉइंट म्हणजे अपूर्णांकांचं गणित न येणारी गरीब चिपही चालते. १९९७ च्या डिसेंबरमध्ये डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीनं त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, सगळ्यांना मोकळा केला, तोही लिनक्सवर चालणाऱ्या व्हर्जनचा, कारण डॉसच्या व्हर्जनमधली साउंडची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, आणि ते एक बरंच झालं, दुसऱ्या मशीनवर न्यायला तयार कोड लोकांच्या हाती आयता पडला. आज डूमजेनेरिक नावाचा प्रोजेक्ट घेतला तर नव्या वस्तूवर तुम्हाला पाचसहा फंक्शन, म्हणजे कोडचे छोटे तुकडेच लिहावे लागतात, चित्र कसं दाखवायचं, किती वेळ झाला, कुठलं बटण दाबलं, थोडं थांब कसं म्हणायचं, अशी. बाकी सगळं डूम बघून घेतो.

यातली मेख अशी की ही फंक्शनं लिहायला सोपी असली तरी ती त्या वस्तूच्या आत घुसवणं सोपं नसतं. वस्तू तुमची, पैसे तुम्ही मोजलेले, पण आतला प्रोसेसर फक्त कंपनीचा कोड चालवणार, तुमचा नाही. म्हणून मला 'अमुकवर डूम चालला' ही बातमी आली की मी खेळाकडे बघतच नाही, मी बघतो की हा माणूस आत शिरला कुठून.

२०१४ चं कॅननच्या पिक्स्मा प्रिंटरचं उदाहरण घ्या. मायकल जॉर्डन नावाच्या एका सिक्युरिटीवाल्यानं, बास्केटबॉलवाला नव्हे, हा वेगळा, प्रिंटरच्या छोट्याशा स्क्रीनवर डूम चालवला, रंग थोडे गंडलेले होते पण चालला. त्याला प्रिंटरवर गेम खेळायचा नव्हता. त्या प्रिंटरच्या वेब सेटिंगला पासवर्डच नव्हता, कोणीही बाहेरून येऊन अपडेट कुठल्या सर्व्हरवरून घ्यायचा ते बदलू शकत होतं आणि फर्मवेअरचं, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरचं, एन्क्रिप्शन इतकं कच्चं होतं की त्यानं ते फोडून स्वतःचा फर्मवेअर आत सोडला. आता हे सगळं चाळीस पानी रिपोर्टमध्ये लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं का? मी तर नाहीच. पण प्रिंटरवर राक्षस नाचताना दिसले म्हटल्यावर बातमी झाली आणि कंपनीनं त्या वेब सेटिंगला युजरनेम पासवर्ड देतो असं जाहीर केलं. तुंबडी लावली की नासकं रक्त बाहेर येतं म्हणायचे जुने लोक. इथे भिंतीलाच लावली आणि भिंतीतून खरंच काहीतरी नासकं बाहेर आलं की हो.

त्याहून भारी किस्सा ट्रॅक्टरचा, २०२२ च्या ऑगस्टमधला. लास व्हेगासला डेफ कॉन नावाचा हॅकर लोकांचा मेळावा भरतो, तिथे सिक कोड्स या टोपणनावाच्या ऑस्ट्रेलियन रिसर्चरनं जॉन डिअर या कंपनीच्या ट्रॅक्टरचा कंट्रोल डिस्प्ले फोडून त्यावर डूम लावला, तोही शेताच्या थीमचा मुद्दाम बनवून घेतलेला. लोक हसले, टाळ्या पडल्या. पण तो हशा कशावर होता? अमेरिकेतले शेतकरी कित्येक वर्षं भांडताहेत की ट्रॅक्टर आमचा, मग दुरुस्तीला डीलरच्याच सॉफ्टवेअरसाठी का थांबायचं, पीक उभं असताना मशीन बंद पडलं तर आम्ही काय आकाशाकडे बघत बसायचं? २०२५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या बाजूनं कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं या दुरुस्तीच्या प्रश्नावरून कंपनीवर खटलाच भरला. डूममुळे खटला झाला असं मी म्हणत नाहीये, नाहीतर परत तुमची प्रतिक्रिया येईल, पण ट्रॅक्टरच्या स्क्रीनवर मालकाला हवं ते चालू शकतं हे दाखवायला त्याहून चांगला डेमो मला सुचत नाही.

याच न्यायानं मला हुस्क्वार्नाच्या रोबो लॉनमोवरवरचा डूम अजिबात आवडला नाही, २०२४ मध्ये कंपनीनंच अधिकृतपणे अपडेट म्हणून दिला, नॉब फिरवून वळायचं, नॉब दाबून गोळी मारायची. गोड आहे, पण कंपनीनंच दार उघडून दिलं तर घुसण्यात मजा ती काय. तिथे तुमची भिंत आणि तुंबडी वाली म्हण चपखल बसते, घ्या.

आता माझंही एक पाप सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा नुसता दुसऱ्यांच्या उद्योगांवर गप्पा मारतो. माझ्याकडे एक जुना डिजिटल फोटो फ्रेम पडून होता, कोणाचा ते जाऊ दे, म्हटलं यावर डूम लावू. उघडला, बोर्डवर सीरियल पोर्टचे, म्हणजे आतल्या चिपशी थेट बोलायच्या जोडणीचे, चार ठिपके सापडले, तेव्हा जो आनंद झाला तो घरात कोणालाच समजावून सांगता आला नाही. रात्री एक वाजेपर्यंत बसून वायरी सोल्डर केल्या, लॅपटॉपच्या स्क्रीनवर बूटचे मेसेज धावायला लागले, मी मोठ्यानं ओरडलो, घरातले जागे झाले. आणि मग त्याच उत्साहात ३.३ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्ट जोडले. छोटासा फट असा आवाज, धुराची एक बारीक रेघ, आणि फ्रेमनं राम म्हटलं. दहा वर्षं लग्नाचे आणि बारशाचे फोटो इमानेइतबारे दाखवणारी वस्तू मी चाळीस सेकंदांच्या बूट मेसेजसाठी मारली. त्यामुळे 'उपयोग काय' हा प्रश्न माझ्या घरीही विचारला गेलाय, तुमच्यापेक्षा बऱ्याच वरच्या पट्टीत.

टेट्रिसवाल्या पोराबद्दल मात्र मी भांडणार. तुम्ही लिहिलंत, 'तेरा वर्षांच्या मुलानं बाहेर जाऊन खेळावं'. गंमत म्हणजे ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदिकेनंही तेव्हा टीव्हीवर साधारण हेच सुनावलं होतं. पण त्यानं काय केलं ते बघा ना. निन्टेन्डोचा १९८९ चा टेट्रिस, त्यात २९ व्या लेव्हलला ठोकळे इतके जोरात पडतात की बटण दाबून धरलं तर ठोकळा कडेपर्यंत पोचायच्या आत खाली टेकतो, म्हणून वर्षानुवर्षं सगळे समजत होते की माणसासाठी गेम इथे संपला. मग खेळाडूंनी कंट्रोलर धरायची पद्धतच बदलली, बटणावर अंगठा हलका टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी सरसर वाजवायची. १३८ च्या पुढे रंग बिघडायला लागतात, काही लेव्हलमध्ये ठोकळे जवळपास काळेच दिसतात. तरीही हा पठ्ठ्या २०२३ च्या डिसेंबरमध्ये १५७ पर्यंत गेला आणि गेमच हँग झाला, कारण एवढ्या वर गेल्यावर आतल्या कोडला स्कोअरचा हिशोब वेळेत पुरा करता येत नाही. त्याआधी तिथवर पोचला होता तो फक्त कॉम्प्युटर प्रोग्राम. एवढ्या वर्षांनी एक माणूस मशीनला 'बास, आता नाही होत' म्हणायला लावतो आणि आपण त्याला मैदानावर जा म्हणून सांगायचं? मैदानावर जाऊन त्यानं काय चेंडू हँग करायचा?

आणि हो, 'मराठीत लिहिताना इतके इंग्रजी शब्द कशाला' हे जे शेवटी लिहिलंत, त्यावर वाद नको. कळफलक मी लिहून बघितला, घरच्यांनी विचारलं कसलं फळ.

मागच्या लेखातलं ते वाक्य मी बदलतोय. 'प्रेग्नन्सी टेस्टवर डूम चालवला' च्या जागी 'प्रेग्नन्सी टेस्टच्या कवचात डूम बसवला' असं येईल, बॅक्टेरियाचंही दुरुस्त करतो आणि खाली लिहितो की चूक एका कंटाळलेल्या वाचकानं दाखवली. खरं नाव द्यायचं असेल तर कळवा. फोटो फ्रेम मला दुसरा मिळालाय, आणि या वेळी वायर जोडायच्या आधी मल्टिमीटर लावणार आहे, तशी घरून लेखी अट आहे.