झोन्युलिनचा रिपोर्ट म्हणजे ‘गळक्या आतड्या’चा पुरावा नव्हे

‘रक्तातलं झोन्युलिन (एक प्रथिन) वाढलं की आतड्याला गळती लागलीच’ असा दावा निसर्गोपचाराच्या सल्ल्यांमधून फिरतो आहे. तो जसाच्या तसा खरा नाही.

झोन्युलिन आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल करतं, हे संशोधक अलेस्सिओ फसानो यांच्या गटाने २००० मध्ये मांडलं. अडचण ते मोजणाऱ्या तपासणी-किटची आहे. बाजारातली काही किट झोन्युलिन नव्हे, दुसरीच प्रथिनं टिपतात, असं २०१८ मध्ये दिसून आलं. मग आकडा वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

आतड्याची गळती मोजायला संशोधनात वापरतात ती लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणी. हे दोन्ही साखरेसारखे पदार्थ द्रावणातून प्यायचे, मग काही तासांची लघवी गोळा करायची. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो सहज आत जातो. लॅक्टुलोजचा मोठा, तो फारसा शिरत नाही. लघवीत लॅक्टुलोज तुलनेने जास्त आलं, तर पारगम्यता, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून पदार्थ आरपार जाण्याचं प्रमाण, वाढलेली. पण आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीनेही ती वाढते, आणि शुगर-फ्री च्युइंगममधल्या मॅनिटॉलने हिशेब बिघडतो. (हे आधी कुणी विचारतं का, कोण जाणे.)

सीलिॲक आजारातही (यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) पारगम्यता वाढते. निदान मात्र रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) यांनी होतं. त्याआधीच ग्लुटेन बंद केलं, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.