सोडायची सोय नाही

धावण्याची शर्यत अर्ध्यावर सोडायचीच असेल तर ती मुंबईत सोडावी. पेडर रोडच्या चढावर पाय भरून आले की बॅरिकेडखालून वाकून पलीकडच्या गल्लीत शिरायचं, टॅक्सीला हात करायचा आणि तासाभरात घरी आंघोळ करून पोहे खायचे. कुणी विचारलंच तर ‘गुडघा’ एवढंच म्हणायचं. गुडघ्याची उलटतपासणी कुणी घेत नाही. कोकणात ही सोय नाही. गुहागर ते तवसाळ अशा ५० किलोमीटरच्या ट्रेल रेसमध्ये, म्हणजे रानवाटांवरच्या शर्यतीत, मी दिवसभर मनापासून शर्यत सोडायच्या मागे होतो, आणि त्या अख्ख्या किनाऱ्यावर एकाही माणसाने मला ती सोडू दिली नाही.

दिवस कसा जाणार याचा अंदाज सकाळी सहालाच आला होता. सुरुवात गुहागरच्या पुळणीवर. समुद्र उजव्या हाताला, कपाळावर बॅटरी, समोर पाच-सहा किलोमीटरचा सरळसोट किनारा. माहितीपत्रकात ‘ओल्या टणक वाळूवरून सुखद धाव’ असं छापलं होतं. ओली टणक वाळू होती, पण पाण्याखाली. आयोजकांनी कॅलेंडरात रविवार बघितला होता, तिथी बघितली नव्हती. होडीला टेकून विडी ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्याने आमची ती वरात बघितली आणि शेजारच्याला म्हणाला, “आज अष्टमी न्हाय काय? आठ पाऊण सहा. सहाला भरती. ह्यांना कुणी सांगितलं न्हाय?”

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तो जमतो. माझ्या मनगटावर उपग्रहांशी बोलणारं घड्याळ होतं. ते हृदयाचे ठोके, चढ, उतार, काल रात्रीची झोप असं सगळं सांगत होतं; पाऊणकी तेवढी त्याला येत नव्हती. मग आम्ही सगळे वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूतून निघालो. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत, उचललं की अर्धं मागे. पुळण संपली तेव्हा माझ्या पोटऱ्यांनी दिवसभराचं काम उरकून टाकलं होतं. बाकीचा दिवस त्या सुट्टीवर होत्या.

असगोलीच्या पुढे पाखाडीच्या पायऱ्या चढून वरच्या पठारावर, सड्यावर आलो. कोकण म्हटलं की पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर माडाची सावली येते. ती खाली, आगरात. सड्यावर फक्त जांभ्याचा कातळ, पिवळं पडलेलं गवत आणि ऊन. नऊ वाजल्यापासून तो कातळ तापायला लागतो आणि मग ऊन वरूनही लागतं, खालूनही. त्यात घामाचा प्रश्न. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. कोकणच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की माझा घाम घ्यायला ती तयार नव्हती. तो कोपरावरून, नाकावरून, छातीवरच्या नंबराच्या खालच्या कडेवरून टपटपत बुटात जमा होत होता. चालताना पचपच आवाज. पोट तर पंधराव्या किलोमीटरलाच रुसलं. धावताना ताकदीसाठी खायच्या जेलची पुडी दातांनी फाडली. वर ‘खारवलेलं कॅरमल’ लिहिलेलं, आत गोड मलम. गिळलं तेवढ्याच तत्परतेने ते परत आलं.

पालशेतच्या मदत-केंद्रावर डॉक्टर होते, म्हणून माझ्या आशा पल्लवित झाल्या. डॉक्टरने ‘अनफिट’ म्हटलं की विषय संपला. त्यात आपली नाचक्की नाही, उलट थोडी सहानुभूती. डॉक्टर कोवळे होते. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि सगळ्यांदेखत लघवीचा रंग विचारला. मी सांगितला. पलीकडे केळी मांडणाऱ्या बाई लगेच म्हणाल्या, “धण्या-जिऱ्याचं पाणी घ्या.” डॉक्टर म्हणाले, “नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ घ्या.” गर्दीतले एक आजोबा म्हणाले, “पाणी भरपूर प्या.” यावर त्या तिघांची चर्चा सुरू झाली. मी मध्येच विचारलं, “म्हणजे मी थांबू ना?” डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “छे छे! एकदम ठणठणीत आहात. या वयात कमाल आहे तुमची.”

मीठ लावलेला उकडलेला बटाटा तोंडात कोंबून निघालो, तेव्हा माझ्यामागे फक्त एकच जण उरला होता. तो स्वीपर. शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं आणि वाटेवर बांधलेल्या खुणेच्या फिती सोडत यायचं, हे त्याचं काम. कॉलेजातला पोरगा, पायात साध्या चपला. मी एका फितीपाशी पोचलो की तो मागून यायचा, गाठ सोडायचा, फीत बोटाला गुंडाळायचा आणि खिशात टाकायचा. त्याचा खिसा फुगत चालला होता. मागे वळून बघितलं तर तिथे शर्यत झाल्याची काही खूणच नाही, नुसतं रान. “काका, तुम्ही आरामात,” तो दर दहा मिनिटांनी म्हणायचा. माणसाला इतक्या प्रेमाने खचवता येतं हे मला माहीत नव्हतं.

पुढे एका कलमांच्या बागेत मोहरावर फवारणी चालली होती. फवारणाऱ्याने पंप बंद केला.

“शर्यत काय?”

“हो.”

“पैशे किती देतात?”

“देत नाहीत, आम्ही भरतो. अडीच हजार.”

त्याने नळी खाली ठेवली आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, “अगो, पैशे भरून धावतायत!” झाडांमागून दोन बायका आणि एक मुलगा आला. मुलाने मला नीट पाहून घेतलं.

“आणि पयला येल त्याला?”

“त्याला बक्षीस आहे.”

“तो कुटं हाय?”

“तो पोचला असेल आता.”

“मग तुमी कशाला चाल्लाव?”

लांब पल्ल्याच्या धावण्यावर मी बरंच वाचलंय. त्यात मनोबल, ध्यास, स्वतःचा शोध वगैरे पुष्कळ आहे. त्या बागेत यातलं काहीही तोंडातून निघेना. मी स्वीपरकडे बघितलं. तो म्हणाला, “काकांनी पैसे भरलेत ना, म्हणून.” हे त्यांना ताबडतोब पटलं.

आता माझी सगळी भिस्त कट-ऑफवर होती. ज्याने ही कल्पना काढली त्याला माणसाचं मन कळलं होतं. अमुक ठिकाणी अमुक वाजेपर्यंत पोचला नाहीत तर तुम्हाला बाहेर काढतात. निर्णय त्यांचा, आपण हळहळायला मोकळे. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून कॉमरेड्स नावाची नव्वदेक किलोमीटरची शर्यत होते. तिथे बारा तास झाले की अंतिम रेषेवर बंदूक उडते. उडवणारा धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे कुणाची दया यायला नको. त्यानंतर रेषेपासून वीतभर अंतरावर असलात तरी पदक नाही. मला अशी शिस्त हवी होती. वेळणेश्वरचा कट-ऑफ अकराचा. मी चाल मुद्दाम मंदावली, बुटातला नसलेला खडा काढला, गडग्याला टेकून कलमं मोजली. उतारावरून खाली आलो तर समोर ओहोटीने मोकळी झालेली पुळण, टणक, ओली, चकचकीत. आमचा रस्ता अर्थात तिच्या कडेने वळून पुन्हा चढावर जात होता. आणि मंडपातून पोरं ओरडत होती, “या सर, या! अजून चार मिनिटं आहेत!”

एकाने माझी बाटली भरली, एकाने डोक्यावर पाणी ओतलं, तिसऱ्याने पाठीवर हात ठेवून मला अक्षरशः बाहेर ढकललं. सव्वा मिनिट बाकी होतं. मी वळून विचारलं, “सोडायची असेल तर जीप कुठेय?”

“बर्फ आणायला गेलीय. हेदवीला मिळेल.”

हेदवीचा कट-ऑफ साडेबाराचा होता आणि मी पाऊणला पोचलो. पोचलो म्हणण्यापेक्षा आणला गेलो, पण ते असो. पंधरा मिनिटं उशीर, नियम छापील, मी खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडायला घेतली. तेवढ्यात व्यवस्थापक धावत आले. “नाडी नका सोडू! उन्हामुळे अर्धा तास वाढवलाय. मागे तुम्ही एकटेच होतात, म्हटलं तुमच्यावर अन्याय नको.” त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला नाही म्हणवेना. जीप? जीप प्रमुख पाहुण्यांना घेऊन दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेली होती.

इथे बचत गटाच्या बायकांनी कोकम सरबत ठेवलं होतं. मीठ, जिरं, थोडी साखर, स्टीलच्या टोपात. विमानाने आलेल्या पावडरी जे काम करेनात ते त्या दोन पेल्यांनी केलं. पोट सकाळपासून पहिल्यांदा गप्प बसलं. मग घावणे आले. “एकाने काय होतंय, दादा?” दुसरा आला. “जोडी तरी करा.” जोडीचे चार झाले. ५० किलोमीटरच्या शर्यतीत मी हेदवीला एकोणीस मिनिटं पानावर बसलो होतो. घड्याळाने ‘हालचाल थांबली आहे, विश्रांती घेताय का?’ असं विचारलं, तेव्हा बायका त्यालाही वाढतील की काय असं वाटलं.

नरवणच्या वरच्या सड्यावर मात्र संपलं. मांड्यांत गोळे आले आणि मी कातळावर उताणा पडलो. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यात हातपाय ताणून आडवी खोदलेली माणसं आहेत. ती कोणाची, कशासाठी, यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालू आहे. माझं मत नोंदवून ठेवतो: तिथे असाच कुणीतरी पडला असणार आणि मागून येणाऱ्याने वेळ जाईना म्हणून त्याच्या कडेने छिन्नी फिरवली असणार.

“मी सोडली रे,” मी पोराला म्हटलं. “लाव फोन.”

“रेंज नाय इथं. पुढं वडाखाली मिळते.”

“वड किती लांब?”

“इथंच.”

कोकणातलं ‘इथंच’ कोणत्याही मापाच्या फुटपट्टीत बसत नाही. पोरगा माझ्या शेजारी उकिडवा बसला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा उतरलेला दिसला. बराच वेळ फिती गुंडाळून झाल्यावर म्हणाला, “काका, रागावू नका. पण तुम्ही बसलात तर मला पण बसायला लागेल. जीप येईपर्यंत तुम्हाला सोडून जायचं नाय असं सांगितलंय. आणि सहाला आमची मॅच आहे.”

“कसली?”

“कबड्डी. मी डावा कोपरा.”

आतापर्यंत मला हिंमत देणारे खूप भेटले होते. खरी अडचण सांगणारा हा पहिला. त्याने माझा पाय उचलला, टाच धरून पंजा माझ्याकडे दाबला. कबड्डीवाल्याला गोळे काढता येतात. एकदा मी ओरडलो, एकदा एक टिटवी. मग त्याने मला काखेत धरून उभं केलं आणि पुढचा तासभर ‘आरामात’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. उलट मागून “काका, उचला, उचला” चालू झालं.

वड आला. रेंज आली. त्याच वेळी समोरून जीपही आली! आत केळ्यांचे क्रेट, लाउडस्पीकर, गुडघा गेलेले दोघं आणि मांडीवर नारळ घेतलेले प्रमुख पाहुणे. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “जागा असती तर घेतलं असतं हो. पण आता काय, खाली उतरलात की आलंच.”

ते खाली उतरणं म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे धावणाऱ्यांनाच माहीत. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि लांबतालांबताच त्याला अंगाचा भार अडवून धरावा लागतो; त्यातच त्याचे धागे तुटतात. मी आधी सरळ उतरलो, मग आडवा, शेवटी उलटा. उलटं उतरताना समोर स्वीपर दिसत होता. त्याच्या दोन्ही खिशांतून फिती लोंबत होत्या आणि तो घड्याळ बघत होता.

तवसाळच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. मुदत दहा तासांची, म्हणजे चारची. मी बाद. कमानीतली हवा काढून दोन पोरं तिच्यावर लोळत उरलीसुरली फुस्स करत होती. मला फार बरं वाटलं. मी वेळ नोंदणाऱ्या मुलापाशी जाऊन सांगितलं, “नंबर शंभर चौतीस. बावीस मिनिटं उशीर. बाद लिही.”

त्याने वहीत लिहिलं: ९ तास ५८ मिनिटं.

“अरे, दहा बावीस!”

“जाऊ द्या हो काका. जीप नव्हती त्यात तुमचा काय दोष?” त्याने माझ्या गळ्यात पदक घातलं. त्यावर ‘१० किमी’ लिहिलेलं होतं. ५० ची पेटी चुकून पलीकडे जयगडला गेली होती, माझ्या बॅगेसकट. डावा कोपरा तोवर कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून निघून गेला होता. जाताना फितींचा गोळा माझ्या हातात कोंबून.

फेरीबोट सुटायच्या बेतात होती. कुणीतरी ओरडलं, “थांबा, एक धावणारा राहिलाय!” तिने फळी पुन्हा टाकली. दोन ट्रक, सात-आठ मोटारी आणि पाऊणशे माणसं मी त्या उतारावरून कसा येतो ते बघत थांबली. बाकावरच्या एका मावशींनी माझ्या पदकाकडे बघून नातवाला विचारलं, “पयला आला काय रे?”

“न्हाय. शेवटचा.”

“म्हणजे सगळ्यात जास्त वेळ ह्योच धावला,” मावशी म्हणाल्या आणि सरकून मला बसायला जागा केली.

बसलो असतो. पण गुडघे वाकत नव्हते. जयगड येईपर्यंत मी कठड्याला धरून उभा होतो आणि त्या दर दोन मिनिटांनी “बसा की वो” म्हणत होत्या.