मूसेवाला, तोडफोड आणि व्ह्यूजचा हिशेब

भावा, तुझं म्हणणं असं, की पंजाबी गायक-रॅपर सिद्धू मूसेवालाच्या मागं कोट्यवधी व्ह्यूज, मुंबईच्या रॅपर एमसी तोडफोडला कोल्हापुरात कुत्रं ओळखत नाही, मग मी माझ्या लेखात दोघांना एकत्र बसवलंच कशाला? वर मी मुंबईच्या पोरांची वकिली करतोय, हाही आरोप.

व्ह्यूजवर वादच नाही. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर काय वाजतं, ते मलाही ऐकू येतं. पण ती प्रसिद्धी वाढली कशी, ते बघ. २९ मे २०२२ ला मानसा जिल्ह्यात त्याचा खून झाला. २३ जूनला पंजाब-हरियाणातल्या वादग्रस्त सतलज-यमुना कालव्यावरचं 'एसवायएल' हे गाणं आलं आणि काही दिवसांतच भारतात यूट्यूबवरून उतरवलं गेलं. बंदी आली की गाणं आणखी फिरतं. मग नोव्हेंबरात 'वार', पुढच्या एप्रिलमध्ये 'मेरा ना'. रेकॉर्ड करून ठेवलेला साठा होता, घरचे मागं ठाम उभे राहिले. गाणी येतच राहिली, माणूस गेलाय असं वाटायला उसंतच मिळाली नाही.

तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, त्याच वर्षी २० मार्चला गेला. वय २४. 'ट्रूथ अँड बेस' हा अल्बम नुकताच आलेला. ना गोळ्या, ना खटला, ना बंदी. बातमी विरून गेली.

लेखातला माझा प्रश्न मात्र आपल्या रॅप करणाऱ्या पोरांनी कुणाकडून काय उचललं, हा होता. मूसेवाला कॅनडाहून गावी परतला, गावाचंच नाव लावलं, तिथल्याच बोलीत गायला. खरं घेण्यासारखं ते होतं. आपण घेतली जीप, बंदूक आणि मांडीवरची थाप. विसर्जनाच्या मिरवणुकीत बघ. तोडफोड मुंबईत राहून गुजरातीत रॅप करायचा, त्याच्याच 'स्वदेसी' या रॅप-गटातला एमसी मवाली मराठीत. २०१९ च्या 'गली बॉय' सिनेमातल्या 'इंडिया ९१' या गाण्यात तोडफोड, मवाली आणि अमरावतीचा रॅपर १०० आरबीएच एकत्र आहेत. घरची बोली माइकवर चालते, हे दाखवणाऱ्यांतला तोडफोड एक. आज पेठेतलं पोरगं 'काय लावलंईस' म्हणत रॅप करतं, त्याला तोडफोडचं नाव ठाऊक नसेलही. त्यानं काही बिघडत नाही.

आणि निकालाची घाई कशाला? वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये हलाखीत गेले, त्यांच्यावरचं टपाल तिकीट निघायला २००२ उजाडलं. (तोडफोडला अण्णाभाऊंच्या पंक्तीत बसवत नाहीये, नाहीतर उद्या त्यावरनं शिव्या घालशील.)

त्या लेखात बंदुकीवर अख्खा परिच्छेद लिहिला होता, त्यावर मात्र तू चकार शब्द काढला नाहीस. त्यावर ये, भांडू.