परदेशातून : जिची गोष्ट, तिला वाचून दाखवा

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. ती मानसशास्त्रात एम. ए. करते आणि एका समुपदेशन केंद्रात शिकाऊ म्हणून जाते. तिथे येणाऱ्या एका बाईंवर तिने केस स्टडी लिहिली होती. ती एखाद्या जर्नलला पाठव, पुढे पीएचडीला उपयोगी पडेल, असं गाईडनी सांगितलं होतं. "मावशी, नाव बदललंय, गाव बदललंय, वय दोन वर्षांनी वाढवलंय. अजून काय करू?"

मी विचारलं, "त्या बाईंना सांगितलंस का?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "इथे कुणी नाही गं विचारत. आणि विचारलं तर त्या यायच्याच बंद होतील."

भाची कामचुकार नाही. तिची भीती खरी आहे आणि शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०० साली व्हिएन्नात अठरा वर्षांच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्याकडे उपचारासाठी आणलं. अकरा आठवड्यांत ती उपचार सोडून गेली. तिची हकिकत फ्रॉइडने १९०५ मध्ये 'डोरा' या नावाने छापली. आपण चार वर्षं थांबलो, नावं बदलली, फक्त डॉक्टर वाचतील अशा ठिकाणी छापलं, असं त्याने प्रस्तावनेत लिहिलं आहे. त्याचबरोबर, अशा रुग्णांकडे परवानगी मागण्यात अर्थ नाही, असंही लिहिलं आहे. हे छापलं जाईल अशी शंका आली असती, तर ती माणसं बोललीच नसती, हे त्याचं कारण. आज ती मुलगी कोण होती हे जगाला ठाऊक आहे. तिचं नाव इडा बाउअर. चार वर्षांचा धीर आणि बदललेलं नाव तिला लपवू शकलं नाही.

मी गेली बावीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये आहे, थेरपिस्ट म्हणून काम करते, आणि ज्या परंपरेत शिकले ती याच शहरात वाढली. तिला संबंधाधारित मनोविश्लेषण म्हणता येईल. १९८३ मध्ये स्टीफन मिचेल आणि जे ग्रीनबर्ग या मनोविश्लेषकांनी एका ग्रंथात मांडलं की माणसाचं मन घडतं ते मुळात माणसांशी असलेल्या नात्यांतून. पाच वर्षांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणात या विचाराची स्वतंत्र शाखा निघाली. १९९१ मध्ये मिचेलने 'सायकोअॅनलिटिक डायलॉग्ज' हे नियतकालिक सुरू केलं. तो २००० साली गेला, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. नियतकालिक आजही चालू आहे.

या नियतकालिकाची मांडणी मला पहिल्यापासून आवडते. एक लेख येतो, त्याच अंकात दुसरे अभ्यासक त्यावर सविस्तर लिहितात, आणि मग मूळ लेखक त्यांना उत्तर देतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष माहीत असलेल्या आपल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. यामागचा विचार असा की उपचाराच्या खोलीत जे घडतं ते दोघांचं असतं. थेरपिस्ट बाजूला उभा राहून नोंदी घेत नाही. त्याची चूक, त्याचा कंटाळा, त्याची माया हे सगळं उपचारात मिसळलेलं असतं.

खोली दोघांची असेल, तर लेख कुणाचा? हा प्रश्न या मंडळींना टाळता आला नाही. २००० सालीच मनोविश्लेषक लुइस अॅरनने त्याच नियतकालिकात केस लिहिण्याच्या नीतीवर लिहिलं. त्याच वर्षी ग्लेन गॅबर्ड या मनोविश्लेषकाने दुसऱ्या एका नियतकालिकात ओळख लपवणं बरं की संमती घेणं बरं, याची चर्चा केली आणि सरसकट लागू होईल असा निर्दोष मार्ग नाही, असं सांगितलं. मी परवानगी मागितली की ती मागणीही उपचाराचा भाग होते. समोरचीला वाटू शकतं की आपण खास आहोत, किंवा इतके दिवस ही बाई आपल्याला मासला म्हणून बघत होती. न मागता लिहिलं, तर खोलीत एक गुपित शिरतं, आणि ते फक्त एकीलाच ठाऊक असतं.

हे सगळं वाचून पाठ केलेलं असूनही मी पहिल्यांदा चुकले. क्वीन्समध्ये माझ्याकडे येणाऱ्या एका मराठी बाईंवर मला लेख लिहायचा होता. (त्यांच्याबद्दल इथे जे लिहिते आहे ते त्यांना वाचून दाखवलं आहे. त्यापलीकडे काही सांगणार नाही.) मी संमतीचा कागद पुढे केला. त्यांनी न वाचता सही केली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." जर्नलला सही पुरेशी होती. मला त्या रात्री झोप लागली नाही. सासर, माहेर, डॉक्टर, सगळीकडे 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत जगलेली बाई माझ्याकडे आली होती, आणि मीही तिच्याकडून तेच वाक्य घेतलं होतं. आमच्या दोन वर्षांच्या कामाचा विषयच तो होता.

मग मी अख्खा लेख मराठीत केला आणि तीन भेटींत त्यांना वाचून दाखवला. पहिल्याच पानावर त्या म्हणाल्या, "हे मी असं नव्हतं म्हटलं." त्यांचे शब्द होते, 'माझा जीव वर-खाली होतो'. इंग्रजीत मी त्याचं साधं अस्वस्थ वाटणं करून टाकलं होतं आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्या अस्वस्थपणावर उभा केला होता. जीव वर-खाली होतो तो कुणाची तरी वाट बघताना. ते कुणीतरीच माझ्या लेखात नव्हतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला थांबवलं. एका कठीण दिवशी मी मुद्दाम गप्प राहिले, त्यांना जागा दिली, असं मी लिहिलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी घड्याळाकडे बघितलं होतंत." ते खरं होतं. मी विसरले होते. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्या एका वाक्याने खोटा पडला. तो मी पुन्हा लिहिला, घड्याळासकट. त्यावर प्रतिसाद लिहिणाऱ्या दोघा अभ्यासकांनी नेमकं त्याच जागेवर बोट ठेवलं. त्या बाई ऐकत बसल्या नसत्या, तर माझी चूक ज्ञान म्हणून छापली गेली असती.

म्हणून इथल्या व्यवस्थेबद्दलही माझी तक्रार आहे. न्यूयॉर्कमध्ये सही एकाच माणसाची घेतात. आपल्याकडची गोष्ट कधीच एकट्याची नसते. अॅलन रोलंड या न्यूयॉर्कच्याच मनोविश्लेषकाने भारतात येऊन काम केलं आणि १९८८ मध्ये भारतीय माणसाच्या 'कौटुंबिक स्व'बद्दल लिहिलं. त्याचा अर्थ मला लिहिताना कळला. समजा, उपचार घेणाऱ्या एखाद्या सूनबाईंनी नाव, गाव, वय सगळं बदलायला सांगितलं, पण आजीच्या पाटल्या मोडून फी भरल्याचं लेखात तसंच राहिलं. वाचणाऱ्या परक्याला त्यातून काही कळत नाही. नणंदेला एका ओळीत सगळं कळतं. कुठली ओळ घराला ओळखू येईल, हे लिहिणारीला बाहेरून दिसत नाही. ते त्या बाईलाच ठाऊक असतं.

मायदेशी मात्र वाद वेगळाच चालतो. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची 'केअर' यादी, जिचं काम पुणे विद्यापीठातून चाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून माझ्या प्राध्यापक मैत्रिणी एकच बोलतात: कुठलं जर्नल खरं, कुठलं पैसे घेऊन छापणारं. हा वाद गरजेचा आहे. पण केस स्टडीच्या बाबतीत तो अर्ध्यातच थांबतो. उत्तम जर्नलमध्येही न विचारता छापलेली बाई ही न विचारता छापलेलीच बाई असते. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नका म्हणतो. वर्गात मात्र विद्यार्थ्यांना नावाच्या जागी आद्याक्षरं घालायला शिकवतात आणि पुढे जातात.

मैत्रिणी मला र. धों. कर्व्यांचा दाखला देतात. त्यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात लोकांचे अगदी खाजगी प्रश्न छापले जात आणि त्यातून महाराष्ट्र शहाणा झाला, हे मला मान्य आहे. पण तिथे लेखणी प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात होती. काय सांगायचं, काय गाळायचं, हे तो ठरवत होता आणि उत्तर आपल्याच भाषेत वाचत होता. भाचीच्या बाईंवरचा लेख इंग्रजीत असणार, पैसे भरल्याशिवाय न उघडणारा असणार, आणि ज्यांचं आयुष्य त्यात आहे त्यांना तो कधी दिसणारही नाही.

इथल्या डॉलरवर आणि वेळेवर उभी राहून उपदेश करणं सोपं आहे, असं भाचीने मला ऐकवलं. तिचं चूक नाही. मी तासाला एक माणूस बघते, ती एका सकाळी नऊ. तरी मी आग्रह सोडला नाही. विचारलं तर बाई येणार नाहीत असं वाटत असेल, तर त्यांच्यावर लिहू नये. वर्षभर थांब, उपचार संपू दे, मग मराठीत वाचून दाखव आणि 'नाही' म्हणायची वाट आधीच मोकळी ठेव, एवढंच मी तिला सांगितलं.

तिला थांबावं लागलं नाही. बाईंचं येणं तसंही संपत आलं होतं. परवा तिचा पुन्हा फोन आला. सहा पानं वाचायला दोन तास लागले म्हणाली. मधे एकदा बाई रडल्या, एकदा हसल्या. नवऱ्याच्या दारूबद्दलचा सगळा मजकूर त्यांनी राहू दिला. काढायला लावलं ते एकच वाक्य. भाचीला ते इतकं साधं वाटलं होतं की बदलायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

कुठलं वाक्य, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.