फेरआकारणीची नोटीस आनंदाने कशी स्वीकारावी

गेल्या महिन्यात माझ्या घराच्या फेरआकारणीची, म्हणजे घरपट्टीसाठी पालिकेने नव्याने ठरवलेल्या मूल्याची, नोटीस आली आणि तेव्हापासून जे शहाणपण पदरी पडले आहे ते एकट्यानेच बाळगणे अप्पलपोटेपणाचे होईल. म्हणून ज्यांच्या दारी ती अजून यायची आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम स्वतःचे अभिनंदन करावे. भिंतीला रंग न लावता आणि छताची गळती न थांबवता तुमचे घर एका रात्रीत कितीतरी अधिक मोलाचे झाले आहे. हे वाढलेले मोल घर विकल्याशिवाय हाती पडत नाही आणि घरपट्टी मात्र चालू मिळकतीतूनच भरावी लागते, असल्या शंका क्षुद्र मनाची माणसे काढतात.

नोटिशीत एक खोली जास्तीची दाखवली असेल, तर पाहुण्यांना तीत उतरवावे.

‘कराच्या दरात यंदा कोणतीही वाढ नाही’ ही घोषणा कानी पडताच हात जोडावेत आणि कागद-पेन्सिल दूर ठेवावी. मी ठेवली नाही, त्यामुळे माझी झोप गेली. समजा, गावातील सर्व मालमत्तांचे मूल्य मिळून 100 होते आणि दर 10 टक्के होता, तर पालिकेला 10 मिळत होते. फेरआकारणीत तेच मूल्य 160 झाले, तर पूर्वीइतकेच 10 जमवायला 6.25 टक्के दर पुरतो. तसा तो खाली आणला, तर ज्याच्या घराचे मूल्य गावाच्या सरासरीइतके वाढले त्याला एक पैसाही जास्त पडत नाही. ज्याचे केवळ 30 टक्के वाढले त्याचा कर सुमारे 19 टक्क्यांनी उतरतो आणि ज्याचे दुप्पट झाले त्याचा 25 टक्क्यांनी चढतो. फेरआकारणीचा मूळ हेतू एवढाच असतो: एकूण बोजा तोच ठेवून त्याची वाटणी नीट करायची. पण दर 10 वरच ठेवला, तर 10 चे 16 होतात, म्हणजे गावावर एकूण 60 टक्के करवाढ. आणि ती करणारे सभागृहात छाती काढून सांगतात की आम्ही दराला हातही लावला नाही! हात लावला नाही, हाच तर गुन्हा आहे. (नव्या इमारतींमुळे पडणारी भर वेगळी, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही.)

हरकत जरूर नोंदवावी, व्यायाम होतो. सुनावणीच्या टेबलावर मी दराविषयी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘आम्ही फक्त मूल्य ठरवतो, दर सभागृह ठरवते.’ सभागृहातल्या आमच्या प्रतिनिधींना गाठले, तर ते म्हणाले, ‘दर तोच आहे, मूल्य अधिकाऱ्यांनी वाढवले.’ दोघेही खरेच बोलत होते. माझी घरपट्टी या दोन सत्यांच्या मधल्या जिन्यात वाढली असावी.

एवढ्यावर चिडून ‘फेरआकारणीच नको’ अशी मागणी करण्याचा मोह होईल, तर तोही पुरवून घ्यावा. इंग्लंडमध्ये घरांवरचा स्थानिक कर अजूनही एप्रिल 1991 मधील किमतींवर बेतलेला आहे; त्यानंतर कोणत्या वस्तीचे नशीब फळफळले आणि कोणती मागे पडली, हे त्या कराच्या गावीही नाही. कॅलिफोर्नियात 1978 च्या सार्वमताने आकारणी-मूल्याच्या वार्षिक वाढीला 2 टक्क्यांचे कुंपण घातले आणि नवे मूल्यांकन बहुतांशी घर विकले जाण्यावर सोडले, त्यामुळे तिथे एकसारख्या दोन शेजारघरांपैकी नव्याने आलेला कुटुंबप्रमुख जुन्या रहिवाशाच्या कितीतरी पट कर भरताना दिसतो. तेव्हा, तुमचे घर जुने असेल तर ही मागणी रेटून धरा आणि शेजाऱ्याशी बोलणे टाळा.

आता थट्टा पुरे. सभागृहातील महाशय, करवाढ हवी असेल तर ती मागा. रस्ते, पाणी, गटारे यांचा खर्च वाढला असेल तर तसा हिशेब मांडा, हात वर करून मतदान करा आणि त्याचा वाईटपणाही घ्या. अमेरिकेतील युटा राज्याने 1985 मध्येच कायदा करून ठेवला आहे की मूल्ये वाढली की पूर्वीइतकाच कर जमेल इतका दर आपोआप खाली येतो, आणि त्याहून जास्त गोळा करायचे असेल तर जाहिरात देऊन, लोकांना बोलावून, त्यांच्यासमोर तसा ठराव करावा लागतो. यात न समजण्यासारखे काय आहे? त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही तो दर काढता येतो, तुमच्या लेखा विभागाला तर नक्कीच येतो, आणि तो काढूनही तुम्ही दाबून ठेवता ही सरळसरळ लबाडी आहे. आणि आपण नागरिकही काही कमी नाही: हरकतींच्या रांगेत मी चार तास उभा होतो, ती जिन्यापर्यंत गेली होती, अंदाजपत्रकाच्या सभेला मात्र, जिथे दर ठरला, प्रेक्षकांच्या बाकांवर कोणीच नव्हते. मीही नव्हतो.

मला आलेल्या नोटिशीची मागची बाजू पूर्ण कोरी आहे. 6.25 हा आकडा तिथे सहज मावला असता.